मर्यादा आणि भय

संयम हा सद्गुण आहे, याविषयी आपल्याकडे सहसा वाद होत नाही. अति तेथे माती, अंथरूण पाहून पाय पसरावे, ही वचने आपण अक्षरओळख होण्यापूर्वीच शिकतो. त्यातही ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी पाच-सात पिढ्यांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत बेताने राहणे हा जणू कुळाचारच झाला आहे. परमुलखात आहोत, सांभाळून राहावे, असे जुनी माणसे म्हणत. पुढे तो मुलूख परका राहिला नाही. सांभाळून राहण्याची सवय मात्र राहिली. या सवयीला आपण संयम म्हणतो. ती खरोखरच संयम असते काय, हा प्रश्न मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पडला, आणि तोही एका खेळण्यातल्या बोटीमुळे. प्रश्न नीतीचा आहे, पण तो ज्या वाटेने आला ती वाट यंत्राची आहे. म्हणून वाचकांनी थोडा वेळ यंत्राचे बोलणे सहन करावे, अशी विनंती आहे.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, तीन महिने होतो. मुलगा व्यवसायाने अभियंता. त्याच्या गॅरेजमध्ये मोटारीला जागा कमी आणि इतर वस्तूंना अधिक. त्या वस्तूंतच लाकडी घोडीवर ठेवलेली एक बोट होती. चार फूट लांब, तळाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती, वजन सुमारे आठ किलो. काठावर उभे राहून रेडिओच्या लहरींनी तिचे सुकाणू आणि तिचा वेग सांभाळावयाचा. 'ही गॅसवर चालते', असे मुलाने सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातले सिलिंडर उभे राहिले. तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात, हे नातवाने हसत हसत समजावले. बोटीत २६ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. या इंजिनांचे कूळ गवत कापण्याच्या हातयंत्राचे. त्यालाच तळ्याच्या पाण्याने गार राहण्याची सोय करून बोटीत बसवतात. बोट विकत आणली तेव्हा ती ताशी ४५ मैलांच्या आसपास धावत असे. मुलाला तिच्याकडून ६० मैल, म्हणजे ताशी सुमारे ९७ किलोमीटर, वेग हवा होता.

'साठच का?' मी विचारले.

'साठाचं काही नाही, नाना. आकडा नुसता धरायला हवा म्हणून. ही अजून जाऊ शकते, हे मला तिच्या आवाजावरून कळतं.'

या 'अजून'साठी तो शनिवार-रविवार जी खटपट करीत असे तिला तिकडे ट्यूनिंग म्हणतात. मराठीत आपण तंबोरा 'लावतो'. इंजिनालाही मला हाच शब्द योग्य वाटला, कारण मुलाच्या हातांची हालचाल मला ओळखीची होती. तो प्रथम प्रोपेलर लावी. विकत मिळणाऱ्या प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा जाड असतात. त्या कानशीने पातळ करून, घासून, दोन्ही पाती तोलून घ्यावी लागतात. वेगात असताना या प्रोपेलरचा जवळजवळ निम्मा भाग पाण्याबाहेर असतो, त्यामुळे धार आणि तोल यांचा फरक ताबडतोब जाणवतो. मग प्रोपेलरचा दांडा ज्या आधारातून बाहेर येतो तो आधार एक-दोन मिलिमीटर वर घ्यावयाचा. त्याने बोटीचे नाक किंचित उचलते, पाण्याला टेकणारा भाग कमी होतो आणि वेग वाढतो. तोच फार वर घेतला की नाकाखाली वारा शिरतो आणि बोट पाठीवर उलटते. त्यानंतर धुराची नळी. ही नळी मधे फुगीर आणि टोकाकडे निमुळती असते. धुराचा दाब निमुळत्या भागावर आपटून परत फिरतो आणि सिलिंडरमधून निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला पुन्हा आत ढकलतो. नळीची लांबी थोडी कमी केली की हे परतणे अधिक फेऱ्यांच्या वेगाशी जुळते. फार कमी केली की वळणावर बोट मंदावते आणि पुन्हा उचल खात नाही. यातील प्रत्येक गोष्टीत अधिकाची एक बाजू आहे आणि तिच्या लगत पडझडीची दुसरी बाजू आहे.

परंतु माझा प्रश्न जिच्यातून निघाला ती गोष्ट यांहूनही साधी, म्हणजे इंधनाचे मिश्रण. आपल्यापैकी ज्यांनी लॅम्ब्रेटा किंवा बजाजची जुनी स्कूटर चालवली असेल त्यांना आठवेल की पंपावर पेट्रोलमध्ये तेल मिसळून घ्यावे लागे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाचे वेगळे तेल नसते. जे इंधन जळावयाचे तेच आपल्याबरोबर वंगण घेऊन आत जाते. मुलगा पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल घालीत असे. आता कार्बुरेटरवर एक छोटा स्क्रू असतो. तो घट्ट करीत गेले की हवेच्या मानाने पेट्रोल कमी होत जाते. पेट्रोल अधिक असलेल्या मिश्रणाला मेकॅनिक 'रिच' म्हणतात आणि कमी असलेल्याला 'लीन'. मी मनाशी त्यांना स्निग्ध आणि रूक्ष म्हणू लागलो, आणि ते अक्षरशः खरे होते. स्निग्ध मिश्रणावर इंजिन धूर ओकते, घोगरे बोलते, पण सुरक्षित असते. स्क्रू घट्ट करीत जावे तसा आवाज स्वच्छ होतो, वेग वाढतो. मात्र पेट्रोल कमी केले की त्याच्याबरोबर येणारे तेलही कमी होते. उष्णता वाढते, आणि वंगण नेमके त्याच वेळी घटते. सर्वांत अधिक बळ ज्या बिंदूपाशी मिळते त्याच्या अगदी पलीकडे पिस्टन सिलिंडरला घासून अडकण्याची जागा असते.

ती जागा कोठे आहे हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. गॅरेजमध्ये घोडीवर इंजिन चालवूनही कळत नाही, कारण तेथे प्रोपेलरवर पाण्याचा भार नसतो. बोट पाण्यात सोडावी, एक लांब सरळ फेरी घ्यावी, परत आणून स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग काळा आणि ओला असेल तर मिश्रण अजून स्निग्ध. फिकट तपकिरी, दुधाच्या कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर धोका. मग स्क्रू एका फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने फिरवून पुन्हा सोडावी. मुलाच्या क्लबला वापरण्यास दिलेले एक तळे होते. तेथे मी काठावर घडीच्या खुर्चीवर बसून हा उद्योग पाहत असे. बोटीवर बसवलेल्या जीपीएसवर आकडे दिसत: ५२, ५४, ५५. एका रविवारी ५७ झाले.

'पुरे की आता,' मी म्हणालो. 'सत्तावन्न काय कमी आहे?'

'कमी-जास्तीचं नाही, नाना. हिची जागा कुठे आहे ते अजून कळलेलं नाही.'

'कळायलाच पाहिजे का?'

त्याने प्लग पुसता पुसता माझ्याकडे न पाहता म्हटले, 'तुम्ही आयुष्यभर रिचवरच चालवलंत, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.'

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो पुढच्याच क्षणी स्क्रू फिरवण्यात गढून गेला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी गाणे शिकत होतो. ग्वाल्हेरला, लष्करात, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे गुरुजी राहत. दहा वर्षे मी त्यांच्याकडे रोज संध्याकाळी जात असे. १९६६ साली वडील गेले. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. मला एका बँकेत नोकरी मिळत होती. गुरुजी म्हणाले, 'दोन वर्षं सगळं बाजूला ठेवून गा. मग काय ते ठरव.' मी नोकरी धरली. हळूहळू संध्याकाळी जाणे सुटले. २००५ साली निवृत्त झालो तेव्हा लोकांनी भाषणांत माझ्या समतोल वृत्तीचे कौतुक केले. ही हकीकत मी मुलाला लहानपणापासून अनेकदा सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी ती संयमाची गोष्ट म्हणून सांगितली होती. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेला तंबोरा तो लहानपणापासून पाहत होता. तंबोरा सहसा काढला जात नसे, हेही तो पाहत होता.

मध्यम मार्गाची शिकवण जगात सर्वत्र आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहार-विहाराचे महत्त्व सांगितले आहे. ॲरिस्टॉटलने सद्गुण हा दोन टोकांमधला बिंदू मानला. पण तो बिंदू दोन आकड्यांची सरासरी काढून मिळत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. बौद्ध परंपरेतील सोणाची कथा तर वाद्य लावण्याचीच आहे. वीणेची तार फार ताणली तर चालत नाही, फार सैल ठेवली तरी चालत नाही, हे बुद्धाने त्याला समजावले. ही कथा मी अनेकदा ऐकली होती, दोन-तीन वेळा सभेत सांगितलीही होती. त्या रात्री तिच्यातील एक गोष्ट मला प्रथमच जाणवली. सोण हा साधना करता करता पायांतून रक्त येईपर्यंत चाललेला भिक्षू होता. तार सैल कर, हा उपदेश तार ताणून बसलेल्या माणसाला केलेला होता. उपदेश करणाऱ्यानेही आधी उपवासांनी देह झिजवून पाहिला होता. ज्याने तार कधी खुंटीला पिळलीच नाही त्याने ही कथा स्वतःच्या समर्थनासाठी सांगावी, हे जरा विचित्रच.

गुरुजी तंबोऱ्याची जवारी लावीत तेव्हा मी जवळ बसलेला असे. घोडीवर तारेखाली एक धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तार एकाएकी भरून बोलू लागते. गुरुजी तो धागा योग्य जागेपाशी नेऊन थांबत नसत. ते तो त्या जागेच्या पलीकडे नेत, नाद मरेपर्यंत, आणि मग किंचित मागे घेत. मुलाच्या हातांची ओळख मला का पटली, हे आता कळले. योग्य जागा ओलांडल्याखेरीज ती योग्य होती हे सिद्ध होत नाही. जो अलीकडेच थांबतो त्याला आपण सुरक्षित आहोत एवढेच ठाऊक असते, आपण नेमके कोठे आहोत हे ठाऊक नसते. संयमी माणूस आणि भित्रा माणूस एकाच ठिकाणी उभे असलेले दिसतील. फरक इतकाच की एक परत आलेला असतो आणि दुसरा गेलेलाच नसतो.

हे मान्य केले तर दुसऱ्या टोकाचा धोका लगेच पुढे येतो. पाण्यावरील वेगाचा इतिहासच त्याची साक्ष देतो. सर हेन्री सीग्रेव्ह १९३० साली विंडरमियर सरोवरात गेले, जॉन कॉब १९५२ साली लॉक नेसमध्ये. डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९५५ ते १९६४ या काळात पाण्यावरील वेगाचे सात विक्रम केले होते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन वॉटर या सरोवरात ते ब्लूबर्ड के-७ ही बोट घेऊन ताशी ३०० मैलांसाठी उतरले. विक्रमाचा नियम असा की एकाच दिशेचा वेग धरला जात नाही. तासाभराच्या आत उलट दिशेनेही यावे लागते, आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी मोजली जाते. वारा किंवा पाणी यांनी केलेली मदत हिशेबातून वजा व्हावी, हा त्यामागील न्याय. पहिल्या फेरीचा वेग २९७.६ मैल भरला. कॅम्बेल इंधनासाठी न थांबता लगेच वळले. स्वतःच्याच पहिल्या फेरीने उठवलेल्या लाटा शमण्याइतका वेळ गेला नव्हता. अपघाताची नेमकी कारणे कोणती, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली; घडले ते असे की वेग ३२० मैलांच्या पुढे गेला, बोटीचे नाक उचलले आणि ती हवेत उलटी फिरून पाण्यावर आदळली. बोट आणि कॅम्बेल यांचा देह २००१ साली तळातून वर काढण्यात आले.

याउलट ऑस्ट्रेलियाचे केन वॉर्बी. त्यांनी सिडनीत घराच्या परसात स्वतःच्या हाताने लाकडी बोट बांधली, तिला लष्कराने मोडीत काढलेले जेट इंजिन बसवले आणि ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर ताशी ३१७.६ मैलांचा विक्रम केला. २०२३ साली ते वृद्धापकाळी वारले तेव्हाही तो अबाधित होता. एकाला आपण अविवेकी म्हणावे आणि दुसऱ्याला धीरोदात्त, असे मन सांगते. पण ब्लूबर्ड आणखी काही सेकंद पाण्याला धरून राहिली असती तर आपण कॅम्बेलांच्या तत्परतेची स्तुती केली असती. केवळ परिणामावरून विवेक ठरवणे म्हणजे सोडतीच्या निकालावरून हिशेब तपासणे होय. मर्यादेपाशी जावे की न जावे, याचा निवाडा आधीच करावा लागतो.

तो निवाडा कसा करावा, हे मला पुढच्या रविवारी थोडेफार उमगले. मुलाने स्क्रू आणखी एक अष्टमांश घट्ट केला. बोट तळ्याच्या मध्यावरून गेली तेव्हा तिचा आवाज इतका स्वच्छ होता की मीही खुर्चीतून उठलो. ५९. सरळ रेषेच्या शेवटी तो आवाज किंचित बसला, जसा दमसास संपत आलेल्या गायकाचा सूर बसतो. तेथे वेग सोडावयास हवा होता. मुलाने तो अर्धा क्षण अधिक धरला, आणि बोट एकदम गप्प झाली. छोट्या होडीतून जाऊन ती ओढून आणली. घरी सिलिंडर उघडले तेव्हा धुराच्या झरोक्याकडील बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे उठलेले होते. मला वाईट वाटले. मुलाला फारसे नाही. 'आता कळलं,' असे म्हणून त्याने नवा पिस्टन आणि नवे सिलिंडर मागवले.

त्या 'आता कळलं'पाशी मी थबकलो. त्याला कळले, कारण त्याच्याकडे दुसरा पिस्टन होता. आयुष्याचा दुसरा पिस्टन मागवता येत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट तेलाची. १९६६ साली मी स्क्रू घट्ट केला असता, नोकरी नाकारून गात बसलो असतो, तर जे वंगण कमी झाले असते ते माझ्या एकट्याचे नव्हते. त्यात आईचे औषधपाणी होते, दोघी बहिणींचे शिक्षण आणि लग्ने होती. माझ्या वेगासाठी घर्षण त्यांना सोसावे लागले असते. मुलाच्या शब्दांना माझ्यापाशी उत्तर आहे असे मला वाटले, आणि ते मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलेही. तो लक्षपूर्वक ऐकत होता. मग त्याने सहज विचारले, 'धाकट्या आत्याचं लग्न कधी झालं, नाना?'

१९७४ साली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. माझे स्वतःचे लग्न अद्याप झाले नव्हते. गुरुजी हयात होते, चार गल्ल्या पलीकडेच होते. मी गेलो नाही. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नसेल, सोबतचे शिष्य पुढे गेले असतील, लोक काय म्हणतील, असे मी स्वतःला सांगत राहिलो. पहिली आठ वर्षे जे कर्तव्य होते ते पुढील एकतीस वर्षे केवळ भय होते, आणि दोहोंना मी एकच नाव देत आलो. ही कबुली मी मुलाला तेव्हा दिली नाही. येथे देतो आहे, कारण मला वाटते की या पानांच्या वाचकांत माझ्यासारखे आणखी काही जण असतील.

बोट पाण्यात सोडण्यापूर्वी मुलगा जे काही करी त्यातून मला एक भेद स्पष्ट झाला. आठ किलोची वस्तू ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने काठावरच्या माणसावर आली तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून रेडिओचा संपर्क तुटल्याबरोबर इंजिनाचा वेग आपोआप पडावा, अशी योजना बोटीत असते. ती तो दर वेळी काठावर तपासून पाही. एकदा एक कुटुंब मुलांसह समोरच्या काठाशी येऊन बसले. ते लोक लांब होते, तरीही त्याने बोट परत बोलावून घेतली आणि ते उठून जाईपर्यंत तासभर नुसता बसून राहिला. जो मनुष्य पिस्टनची मर्यादा ओलांडून पाहण्यास तयार होता, तो या मर्यादेच्या जवळपासही फिरकत नव्हता. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. स्वतःच्या शक्तीची मर्यादा शोधावी लागते, आणि ती शोधण्याचा मार्ग तिच्यापर्यंत जाऊन मागे येणे हाच आहे. दुसऱ्याच्या सुरक्षिततेची मर्यादा शोधावयाची नसते. ती न तपासता पाळावयाची असते. पहिल्या प्रकारात जो दुसऱ्याचा नियम लावतो तो भित्रा ठरतो, आणि दुसऱ्या प्रकारात जो पहिल्याचा नियम लावतो तो घातक ठरतो. कठीण इतकेच की दोन्ही मर्यादा पुष्कळदा एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि दुसरी संपली तरी आपण पहिलीला तिचेच नाव देऊन बसतो.

यावर एखादा वाचक म्हणेल की कर्तव्य संपले केव्हा हे माणसाला कळावे कसे? कोणी घंटा वाजवीत नाही. खरे आहे. पण इंजिन लावणाऱ्यांची एक रीत येथे उपयोगी पडते. एकदा बसवलेला स्क्रू कायमचा बसत नाही. थंड दिवशी हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू अधिक असतो, म्हणून त्याच स्क्रूवर मिश्रण रूक्ष होते. अशा दिवशी पेट्रोल थोडे वाढवावे लागते. उकाड्याच्या दिवशी याच्या उलट. त्यामुळे मुलगा तळ्यावर गेल्यावर प्रथम स्क्रू थोडा सैल करी आणि मग पुन्हा एकेक अष्टमांश पुढे जाई. मागच्या आठवड्याचा संयम या आठवड्यास जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्याने गृहीतच धरलेले असे. आमच्या तंबोऱ्याचेही तेच. पावसाळ्यात तो रोज नव्याने लावावा लागतो. आपण मात्र ऐन तारुण्यात एका अवघड प्रसंगी बसवलेला स्क्रू जन्मभर तसाच ठेवतो आणि त्याला स्वभाव म्हणतो.

ऑगस्टच्या अखेरीस नवा पिस्टन बसवून झाला. नवे इंजिन रुळेपर्यंत मुलाने ते चार-पाच टाक्या पेट्रोल मुद्दाम स्निग्ध मिश्रणावर सावकाश चालवले. आम्ही निघण्याच्या आधीच्या रविवारी बोट ६१ मैलांवर गेली. नातवाने टाळ्या पिटल्या. मुलाने बोट काठावर आणली, प्लग पाहिला आणि स्क्रू एक अष्टमांश सैल केला. त्यानंतरच्या सर्व फेऱ्या ५९ च्या आसपास झाल्या. मी त्याला 'पुरे' म्हटले नव्हते. त्यानेही काही स्पष्टीकरण दिले नाही. फक्त पेन्सिलीने एका वहीत तारीख, हवामान आणि स्क्रूची जागा लिहून ठेवली.

ग्वाल्हेरला परतल्यावर मी तंबोऱ्याची गवसणी काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलून घेतल्या. जवारीचा धागा नवा घातला. तो जागेवर आणावयास मला तीन दिवस लागले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुरू केलेल्या गाण्याविषयी कोणतीही मोठी गोष्ट सांगण्यासारखी नाही. कोणासमोर मी गात नाही आणि गाण्याची इच्छाही नाही. पण पहाटे बसतो. पहिल्या महिन्यात वरच्या षड्जाच्या दिशेने एकेक स्वर चढत गेलो. आवाज धैवतावर फुटला. वाईट वाटले, पण तेवढेच वाटले नाही. पन्नास वर्षांनंतर माझ्याविषयीची एक खरी गोष्ट मला कळली होती. आता रोज पंचमापर्यंत जातो आणि तेथून परत येतो. थंडी संपून हवा बदलली की धैवत पुन्हा एकदा तपासून पाहतो.